किल्ली देता देता

ही किल्ली. डावीकडे दोनदा फिरव,
मग दार जरासं स्वतःकडे ओढायचं,
नाहीतर रात्रभर जिन्यात बसशील
आणि वरचे बेनुसी चोर समजून कुत्रं सोडतील.
कुत्रं चावत नाही. बेनुसींचं सांगता येत नाही.

त्रिएस्तेत पहिल्यांदाच ना, पोरी?
बुटांवरूनच ओळखलं.
असले गुळगुळीत तळवे इथल्या उतारांवर टिकत नाहीत.

बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं.
नुसतं घेऊन भागत नाही,
चढल्यावर मशीनच्या तोंडात घालायचं, टक् वाजलं पाहिजे.
तपासनीस दिसायला देवमाणूस,
पण दंडातला एक सेंट सोडत नाही.
"मी नवी आहे" म्हणू नकोस, त्याला रोज सगळेच नवे भेटतात.

आता कॉफी. नीट ऐक, इथे भलेभले फसतात.
काळी हवी तर 'नेरो'.
वर दुधाचा थेंब हवा तर 'कापो'.
तीच काचेच्या पेल्यात हवी तर 'कापो इन बी'.
पूर्ण शब्द उच्चारायला इथे कुणाला वेळ नाही,
मग त्याच एका घोटावर तासभर बसतात.
तू उभ्यानेच पी. बसलीस की खुर्चीचेही पैसे.

वाऱ्याला इथे नाव आहे. बोरा.
तो सुटला की छत्री उघडू नकोस.
दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या पेट्या बघ,
मेलेल्या कावळ्यांसारख्या पाय वर केलेल्या छत्र्या,
सगळ्या पाहुण्यांच्या.
कोपऱ्यावर थांब, झोत जाऊ दे, मग पाऊल टाक.
अगदीच वेळ आली तर कुणाचाही दंड धर, चालतं.
अडुसष्टच्या फेब्रुवारीत, पोस्टाच्या कोपऱ्यावर,
मी असाच झ्द्राव्कोचा धरला.
तो डोंगरावरचा स्लोव्हेन, मी इस्त्रियाची,
दोन्ही घरांत महिनाभर जेवणं थंड झाली.

पोहायचं तर जुन्या दीपगृहापाशी जा.
तिथे वाळूत भिंत आहे, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष.
हसू नकोस.
ती पाडायची गोष्ट निघाली की आधी आम्ही बायकाच ओरडतो.
जगात तेवढ्या एका जागी मी पोट सोडून बसते.

रविवारी वर गावांकडे जा.
रस्त्याकडेला पानांची फांदी टांगलेली दिसेल, खाली बाण.
बाणामागोमाग चालत राहा,
शेवटी कुणाचं तरी अंगण लागेल,
घरची वाइन, उकडलेली अंडी, आणि हिशेबात कच्चा म्हातारा.
त्याला जास्तच देऊन ये.

हे सगळं कागदावर लिहून देते मी, प्रत्येकाला.
माझ्या आईला कुणी दिलं नव्हतं.
चोपन्न साली बुयेहून ट्रकने आलो,
मी सात वर्षांची, मांडीवर शिवणयंत्राचं डोकं.
आईने बारमध्ये कॉफी मागितली.
पोऱ्याने विचारलं, "कापो?"
आमच्याकडे कापो म्हणजे घरचा कर्ता.
आई म्हणाली, "तो नाही आला.
तिथेच आहे, चर्चमागे. दगडही बसवायचा राहिला."
आधी सगळे हसले.
मग कुणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.
त्यानंतर चाळीस वर्षं ती त्या रस्त्याने जायची,
पण समोरच्या फुटपाथने.

असो. निघताना किल्ली टपालपेटीत टाक.
वरच्या नको, ती वकिलाची,
वकील वारला, पत्रं येतात.
खालची. जिच्यावर अजून झ्द्राव्कोचं नाव आहे.

आणि हो, गरम पाणी यायला तीन मिनिटं लागतात.
नळाला शिव्या देऊ नकोस,
त्याला कळतं.